पिवळ्या मोज्यांच्या मागे

मित्रांनो, मी एक जुनी झूम लेन्स आहे. लांबचं जवळ आणून दाखवणं हे माझं काम. सध्या माझा मुक्काम ओकायामा शहरातल्या एका दुकानात, दाराजवळच्या निळ्या प्लास्टिकच्या टोपलीत आहे. सोबतीला दोन बंद पडलेले फ्लॅश, तडा गेलेला एक कॅमेरा आणि कुणाकुणाची झाकणं आहेत. टोपलीवर पाटी लावली आहे : 'भंगार माल. परत घेणार नाही. तक्रार ऐकणार नाही.' गिऱ्हाईक येतं, मला उचलतं, मोबाइलचा उजेड माझ्या पोटात पाडतं आणि 'अरेरे, बुरशी!' असं म्हणून बोटं पुसत पुन्हा टोपलीत टाकतं. पाटी दुकानदाराने लावली आहे, मी नाही. माझी तक्रार मी तुम्हाला सांगणार, कारण तुम्ही लहान आहात आणि तुमचेही फोटो काढले जातात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझी भिंगं एकेक करून बसवली आणि फुंकर मारून धूळ उडवली. मी काही थोरामोठ्यांच्या घरची नव्हे. कॅमेऱ्यात बसणारं माझं बूड धातूचं नाही, प्लास्टिकचं आहे. पण माझी भिंगं अस्सल काचेची होती आणि तपासणाऱ्या बाईने दिव्याखाली धरून 'छान' असं म्हटलं होतं. तेवढं एकच कौतुक मला खरं म्हणता येतं.

तिथून मी ओगाता यांच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आले. शाळांचे क्रीडादिन जवळ आले की तिथे बापांची रीघ लागायची. वर्षभर पोराच्या वहीकडे न बघणारा माणूसही त्या दिवसांत मोठी लेन्स शोधत फिरतो. माझे मालक असेच एका शनिवारी आले. त्यांचं नाव हिराकावा कुनिहिको. पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीने त्यांची बदली दूर सेंदाईला केली होती. बायको आणि मुलगी इथे, आणि हे तिकडे एका खोलीत. महिन्यातून एखाद्या वेळी घरी यायचे आणि बहुतेक झोपून काढायचे.

"मैदानाच्या ह्या टोकावरून त्या टोकाचं दिसलं पाहिजे. मुलगी धावणार आहे," मालक म्हणाले.

ओगातांनी आधी काचेच्या कपाटातली पांढरी, जाडजूड लेन्स काढली. "ही घ्या. उजेड भरपूर ओढते. अंधारून आलं तरी पळणारं पोर जागच्या जागी पकडते."

मालकांनी ती हातात घेतली तसा त्यांचा खांदाच खाली आला. त्यांनी किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि झोपलेलं बाळ ठेवावं तशी लेन्स अलगद खाली ठेवली. "बायको घराबाहेर काढेल हो मला!"

"तुम्ही घरात असता कधी, बाहेर काढायला?" ओगाता हसले. दोघं जुने ओळखीचे होते. मालकही हसले. मला तेव्हा त्यात हसण्यासारखंच वाटलं.

मग ओगातांनी एक सगळ्यात स्वस्त लेन्स दाखवली. "हिच्यात हात हलला तर सावरून घ्यायची सोय नाही. आणि स्वतःचं पोर पळायला लागलं की बापाचा हात हलतोच. त्यापेक्षा ही मधली बघा." मधली म्हणजे मी. "बूड प्लास्टिकचं आहे, नाही म्हणत नाही. ढगाळ दिवशी जरा कुरकुरेल. पण ऑक्टोबरच्या स्वच्छ उन्हात हिचा फोटो आणि त्या गोऱ्या बाईचा फोटो शेजारी शेजारी ठेवा, तुमच्या सासूबाईंना काही फरक कळायचा नाही."

मालकांनी मला कॅमेऱ्यावर चढवलं आणि दारातून रस्त्यापलीकडे रोखलं. समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याच्या कानावरचा तीळ मी त्यांना दाखवला.

"अरे वा! तीळसुद्धा! हीच द्या," मालक म्हणाले. मी काय सांगू, किती फुशारले होते मी!

घरी मला चिसातो भेटली. मालकांची एकुलती एक मुलगी, चौथीत शिकणारी. ती घरामागच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटली. "बाबा, काढा ना! बाबा, आता काढा!"

"थांब गं जरा, आधी बटणं समजू देत," म्हणत मालकांनी तारेवरच्या कावळ्याचे फोटो काढले, शेजाऱ्यांच्या झाडावरच्या तेंदूफळांचे काढले, झाकलेल्या स्कूटरचे काढले. तोपर्यंत अंधार पडला. दुसऱ्या दिवशी ते सेंदाईला निघून गेले आणि मी घरीच राहिले.

त्या पोरीने तिला ओळखायला मला शिकवलं. शाळेतून आली की ती मला हळूच काढायची आणि खिडकीतून नदीकाठ बघायची. कधी काचेसमोर आपलाच चेहरा आणून श्वास सोडायची आणि सदऱ्याच्या बाहीने पुसायची. कधी कॅमेरा खिडकीत टेकवून आईकडे बटण द्यायची आणि स्वतः बांधावर धावायला जायची. त्यामुळे तिची धाव मला पाठ झाली होती. धावताना तिचा डावा कोपर अंगापासून सुटायचा, कोंबडी पंख उघडते तसा. शाळेच्या शर्यतीत ती दरवर्षी शेवटून पहिली किंवा दुसरी असायची. या वर्षी बाबा येणार म्हणून ती रोज बांधावर पळत होती. तिला पहिलं यायचं होतं, आणि ते बाबांनी बघायला हवं होतं. फक्त पहिलं येऊन तिचं भागणार नव्हतं.

फोनवरचं त्यांचं बोलणं मी टेबलावरून ऐकलं.

"बाबा, मला ओळखाल ना? सगळ्यांच्या टोप्या लाल आणि सदरे पांढरे असतात हं."

"मोजे कुठले घालशील?"

"पिवळे. आईने आणलेत."

"मग झालं तर! पिवळे मोजे म्हणजे आमची चिसातो. सुटतेस कुठे!"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज येत होता. चिसातोला तो ऐकू आला नसावा. ती खूश होती.

क्रीडादिनाच्या आदल्या रात्री मालक आले तेव्हा ती झोपली होती. पहाटे ती उठायच्या आत मालक मला आणि गुंडाळलेली निळी चटई घेऊन शाळेच्या फाटकापाशी रांगेत उभे राहिले. आमच्याकडचे सगळेच बाप तेव्हा तिथे असतात. फाटक उघडलं की ही पोक्त माणसं चांगल्या जागेसाठी अशी पळतात, की क्रीडादिन पोरांचा की त्यांचा हे कळू नये. मालकांना जागा छान मिळाली. चिसातोची आई मासाए आली तेव्हा एवढंच म्हणाली, "अहो, पालकांना वाटून दिलेल्या कामांत मला बाहेर सायकली सांभाळायचं काम आलंय. मला काही शर्यत दिसायची नाही. नीट काढा हं, रात्री मला दाखवा."

"अगं, ही लेन्स कानावरचा तीळ दाखवते," मालक म्हणाले.

शेवटच्या दोरीपाशी फोटो काढणाऱ्या पालकांची जागा होती. चिसातोची तुकडी आली तशी मालक तिथे घुसले आणि मला डोळ्याला लावलं. पलीकडे मुली ओळीने उभ्या होत्या. मालकांनी मला डावीकडून फिरवलं. पहिली मुलगी, दुसरी मुलगी, आणि मग चिसातो! तिने माझ्याकडे सरळ बघितलं. दोन्ही हात उंच करून हलवले. तिच्या पायात मोजे नव्हते, बूटही नव्हते. ती अनवाणी होती. मला वाटलं, आता मालकांचं बोट बटण दाबणार. पण मालकांनी तिच्या चेहऱ्यावरून मला तसंच पुढे सरकवलं, खाली पायांकडे नेलं आणि शेजारच्या पट्ट्यात थांबवलं. तिथे पिवळे मोजे होते.

"सापडली!" मालक पुटपुटले.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. ती तेराओ मिओरी होती, चिसातोची मैत्रीण. तिच्या छातीवरच्या पांढऱ्या पट्टीवर तिचं आडनाव लिहिलेलं होतं, आणि ते मी अगदी ठळक दाखवत होते. पण बघणाऱ्याने पायच बघायचे ठरवले, तर भिंगाने काय करावं? बार झाला. मालक पिवळ्या मोज्यांच्या मागे मला फिरवत राहिले आणि बटण दाबत राहिले. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. मिओरी चौथी आली. चिसातो माझ्या कडेला एकदाच आली आणि पुढे निघून गेली, कारण ती सगळ्यांच्या पुढे होती.

दुपारी ती चटईवर धावत आली. भाताचे गोळे, तळलेली कोंबडी, अंड्याच्या वळ्या, सगळं आईने मांडून ठेवलं होतं. चिसातोने बूट काढायच्या आधीच विचारलं, "बाबा, पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे? सुरुवातीपासून शेवटपर्यंत! एक क्षण सोडला नाही."

"मग?"

"मग काय! चौथी आलीस म्हणून काय झालं? पळालीस जोरात."

चिसातो त्यांच्याकडे बघत राहिली. मी मालकांच्या गळ्यात लटकलेली होते, त्यामुळे तिचा चेहरा अगदी माझ्यासमोर होता.

"चौथी आलीस, चिसातो?" आईने विचारलं.

"हं," चिसातो म्हणाली आणि भाताचा गोळा तोंडात कोंबला.

रात्री मालकांनी कॅमेरा टीव्हीला जोडला. मासाएने चहा आणला. दोन फोटो झाले, तिसरा झाला, आणि तिच्या हातातला पेला हवेतच राहिला. "अहो, ही कोण?"

"कोण म्हणजे? चिसातो."

"छातीवर नाव वाचा की! तेराओ लिहिलंय. ही मिओरी आहे."

"पण मोजे..."

"तिचे मोजे नळापाशी भिजले होते," चिसातो हळूच म्हणाली. "ती रडायला लागली. मी माझे दिले. मोज्यांशिवाय बूट चावतात, म्हणून मी अनवाणी धावले."

मालकांनी भराभर पुढचे फोटो लावले. सगळीकडे मिओरी. मिओरी धावताना, मिओरी धापा टाकताना, चौथ्या क्रमांकाच्या झेंड्यामागे बसलेली मिओरी. एका फोटोच्या अगदी कडेला एक उघडलेला कोपर आणि एक अनवाणी पाऊल होतं, बाकी सगळं फोटोबाहेर गेलेलं. चिसातो उठली आणि टीव्हीवर बोट ठेवून म्हणाली, "ही मी."

"कितवी आली होतीस तू?" आईने विचारलं.

"पहिली."

मग मालकांनी घसा खाकरला. तेव्हा ते 'चुकलं माझं' म्हणाले असते तर मी आज ही गोष्ट सांगत बसले नसते. ते म्हणाले, "स्वस्तातली लेन्स घेतली तर असंच होणार. चेहराच नीट दिसत नाही हिच्यातून."

टीव्हीवर तेराओ हे नाव परडीएवढ्या अक्षरांत दिसत होतं. पण खापर माझ्या माथी फुटलं ते फुटलंच. पुढच्या वर्षी मालकांनी ती गोरी लेन्स विकत घेतली. त्या वर्षी चिसातोने सगळ्यांसारखे पांढरे मोजे घातले आणि बाबांनी विचारलं तरी धावण्याच्या ओळीतली आपली जागा सांगितली नाही.

मला त्यांनी खोक्यात घालून जिन्याखालच्या कपाटात ढकललं. आमच्याकडचे दमट उन्हाळे तुम्हाला माहीत नसतील. कपाटात हवा नाही, उजेड नाही, ओलावा शोषणारी पुडीसुद्धा नाही. एका पावसाळ्यात माझ्या आतल्या भिंगाच्या कडेला बारीक धागा उगवला आणि मग तो पसरत गेला. मला स्वतःला तो पुसता येत नव्हता. लोक म्हणतात वस्तू जुन्या होतात. मी जुनी झाले नाही, मला सडू दिलं.

गेल्या वसंतात मालक निवृत्त झाले आणि घर आवरायला निघाले. ते मला घेऊन या दुकानात आले. सोबत सामानाची पिशवी धरून चिसातो होती, आता उंच, नोकरी करणारी. दुकानातल्या पोराने माझ्यात उजेड पाडला आणि मान हलवली. "बुरशी आहे. भंगारात घेऊ."

"घ्या. ही पहिल्यापासून अशीच धूसर," मालक त्याला म्हणाले. "मुलगी लहान असताना शर्यतीत पहिली आली होती, तर हिने एक फोटो धड दिला नाही."

"लेन्स चांगली होती, बाबा," चिसातो म्हणाली.

"तुला काय आठवणार? एवढीशी होतीस तू."

चिसातोने त्यांच्याकडे बघितलं, चटईवर बघितलं होतं अगदी तसंच.

"हं," ती म्हणाली.

म्हणून सांगते, मित्रांनो. आम्हाला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून उन्हं दाखवा, आमच्यातून बघा. पण आमच्यातून बघायच्या आधी आपल्या माणसाला एकदा नुसत्या डोळ्यांनी बघून घ्या. तो कसा धावतो, त्याचा कोपर कसा सुटतो, तेवढं तरी पाठ असू द्या. लांबचं जवळ आणायचं काम मी करते. तिने हात हलवले होते तेव्हा मी तिला मालकांच्या डोळ्याच्या अगदी जवळ आणून ठेवलं होतं.