पौषात खुंटीला टांगलेलं बोंडलं

मित्रांनो, मी एक जुनं पितळी बोंडलं हाय. तान्ह्या लेकरांच्या तोंडात चोचीनं दूध-पाणी सोडायचं, हे माजं काम. जिंतूरच्या तांबटानं मला असं घासलं की माजी चमक बघून आमच्या बोरी गावचे कोंबडे भर दुपारी आरवले. खोटं वाटत आसंल तर कोंबड्यांना इचारा!

बोरीत तानुबाईच्या घरी अर्धी आळी माज्यावर वाढली. "तानुमाय, बोंडलं द्या वो," म्हणत बाया यायच्या. माजा लय तोरा व्हता.

पर तानुबाईचं एक खूळ व्हतं. उन्हाळ्यात लेकराला हगवण लागली की पाणी पाजायची. थंडीत लागली की म्हणायची, "पोटात गारठा शिरलाय. पाणी तोडा." आन् मला खुंटीला उलटं टांगायची. गेल्या पौषात शेजारच्या कुसुमबाईनं तिचंच ऐकलं. तिची तान्ही पोर गेली. देवाची मर्जी, समदे म्हणले.

औंदा पौषात तानुबाईच्याच नातवाला, आठ म्हयन्याच्या भुजंगला, ओकाऱ्या आन् हगवण लागली. टाळू खोल गेली, व्हट सुकले, मुतणं बंद झालं.

"आत्याबाई, घोटभर तरी द्या की," सून छबूबाई रडायली.

"गप बैस. लेकरं मी वाढवलीत का तू?"

मी वर रिकामं. माज्या पितळाची मला लाज वाटायली.

तेवढ्यात लस टोचायला नर्सबाई आली. "आजी, पाणी का बंद केलं?"

"थंडी हाय, बाई."

"दर थंडीत ही साथ लहान लेकरांत येतीच. उन्हाळ्यात पाजता ना? मग थंडीत अंगातलं पाणी जात न्हाई व्हय? तहानेनं चाललंय लेकरू!"

नर्सबाईनं मला खुंटीवरून उतरवून उकळत्या पाण्यातून काढलं. उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ, चमचाभर साखर. भुजंगनं ओकलं. "थांबा, मंग परत पाजा. घोट घोट. अंगावरचं दूधबी तोडू नका," नर्सबाई म्हणली.

सांजच्याला भुजंग आजीच्या मांडीवर धो धो मुतला. छबूबाई रडता रडता हसली.

उंबऱ्यात कुसुमबाई उभी व्हती. हळूच म्हणली, "तानुमाय, पाण्यानं वाचतंय व्हय लेकरू?"

वाघाला ताक पाजल्याच्या गप्पा हाणणारी तानुबाई. तिनं पदर तोंडावर घेतला.

मित्रांनो, लेकराला हगवण लागली तर ऋतू बघू नका. पाणी पाजा, दवाखाना गाठा. माजी चमक गेली तर जाऊ द्या, पर मला रिकामं टांगू नका.