रस्त्यावरचं धान

कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बकारामचं गाव आहे, आणि दिवाळीनंतर हा रस्ता निम्म्याहून जास्त गावाचाच होतो. मळणी झाली की आपल्या दारासमोरच्या डांबरावर धान पसरायचं, कडेनं दगड मांडायचे, मग गाड्या आपोआप मधून जातात. अंगणात झाडाची सावली असते, डांबरावर मात्र धान वरून-खालून तापतं. खरेदी केंद्रावर ओलं धान परत पाठवतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

बकारामचे दगड गावात सगळ्यांत नेटके, चुना लावलेले. बायको रुख्मा त्याला हसायची, की हा माणूस देव मांडल्यासारखे दगड मांडतो. माणसांनी कुठून चालायचं, हा प्रश्न ना त्याला पडला ना गावाला. धानावरून तर कुणी चालत नाही. लक्ष्मी आहे ती, तिच्यावर चप्पल पडता कामा नये, हे बकारामनं आपल्या मुलीला ती रांगत होती तेव्हापासून शिकवलं होतं.

ती मुलगी म्हणजे नूतन. कॉलेजची बस तिला फाट्यावर धरावी लागते, आणि फाटा गावाच्या शेवटच्या घरापासूनही बराच पुढे आहे. कॉलेजात पोलीस येऊन सांगून गेले होते की समोरून येणारी गाडी दिसेल अशा कडेनं चाला, कानात काही घालू नका, फिक्या रंगाचं काही अंगावर असू द्या. नूतननं पांढरी ओढणी घेतली, फोन पिशवीत टाकला. पण ज्या कडेनं चालायचं, ती कडच गावानं धानाखाली घातली होती. तिला उरली ती गाड्यांची जागा.

एका संध्याकाळी ट्रकचा आरसा तिच्या पिशवीला लागून गेला. पिशवी फाटली आणि पोरगी भेलकांडून पडली ती बापाच्याच धानावर. उठल्यावर तिनं आधी धानाला हात लावून नमस्कार केला, मग खरचटलेलं कोपर बघितलं. घरी कुणाला काही बोलली नाही. रुख्मानं फाटकी पिशवी पाहिली तेव्हा सगळं बाहेर आलं.

सकाळी तो घरोघर फिरला. कडेनं माणूस चालेल एवढी पट्टी सोडा, एवढंच त्याचं मागणं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा पाजला, आणि एकानंही दगड हलवला नाही. शेजारचा केशोराव तेवढा तोंडावर बोलला.

"आधी तुझा धान उचल. मंग आमाले सांग."

खोटं काय होतं त्यात? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बकारामनं त्याच दुपारी धान उचलून अंगणात नेलं. रुख्मा चिडली, धानाला मोड आले तर केंद्रावर तूच तोंड दाखव म्हणाली. पण तो ताडपत्री ओढत उन्हामागे फिरत राहिला. दगड त्यानं कडेला रचून ठेवले. आपल्या दारापुढं तरी पोरीला चालता येईल, आणि एकानं सोडलं की दुसराही सोडेल, असं त्या भोळ्याला वाटलं.

दुसऱ्या सकाळी त्या मोकळ्या जागेवर केशोरावचं धान पसरलेलं होतं. कडेनं बकारामचेच पांढरे दगड, ओळीत.

"जागा खाली दिसली," केशोराव म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "माही गुंजन बी इथूनच जाते, बकाराम. पण ओला धान कोणी घेऊन राहिला का?"

भांडायला आलेला बकाराम भांडणच विसरला. याच्याही घरात पोरगी, याच्याही धानात ओलावा. कुणाचा राग धरायचा, हेच त्याला कळेना.

राहता राहिला एकच उपाय. त्या दिवशी तो नूतनला पोचवायला निघाला, स्वतः गाड्यांच्या बाजूनं. मळणी यंत्रापाशी जन्म गेल्यानं त्याचा डावा कान कामातून गेला होता, आणि गाड्या नेमक्या डावीकडून जात होत्या. मागून हॉर्न वाजला तो त्याला ऐकूच आला नाही. नूतननं त्याला दंडाला धरून कडेला ओढलं. बकाराम दगड ओलांडून धानात आला, पायाखाली दाणे करकरले, आणि चटका बसावा तसा तो पाय उचलून पुन्हा रस्त्यावर गेला.

ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला. खिडकीतून हिंदीत दोन शिव्या हासडल्या आणि तो निघून गेला.

 नूतन स्वतः अजून धानातच उभी होती, चपलांसकट.

"बाबा, उद्यापासून तुमी नोका येऊ," ती म्हणाली. "मले दोघायकडं पाहा लागते."

 तिला मारायला निघालेला रस्ता बकारामला दिसत होता, आणि तो अडवायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं, स्वतःचं अंगसुद्धा नाही. तो तिथंच थांबला. नूतन धानातून बाहेर आली, वाकून धानाला नमस्कार केला आणि गाड्यांच्या रस्त्यावर चालू लागली. धानातून जा, असं ओरडून सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. पण धान केशोरावचं होतं.

एक ट्रक मध्ये आला आणि पांढरी ओढणी दिसेनाशी झाली. ट्रक पुढे गेल्यावर ओढणी पुन्हा दिसली. मागून दुसरा येत होता.