धरणाचा फेरा

"पहिला गिअर टाकलात का?" सिस्टरनं विचारलं.

बसचालकानं आरशातून मागं पाहिलं. मांडीवर वही आणि हातात घड्याळ घेतलेली ही बाई या महिन्यात तिसऱ्यांदा त्याच्या बसमध्ये चढली होती, आणि तिन्ही वेळा पहिल्याच सीटवर बसली होती.

"टाकला. काय लिहिताय एवढं? आमची तक्रार नाही ना?"

"तक्रार कसली हो. चढ मोजतेय. बस जितका वेळ पहिल्या गिअरमध्ये, तितका चढ कठीण."

"बसनं जायचं तर कठीण काय त्यात?"

"सायकलनं जायचंय. मी आणि माझा दादा."

चालक गालातल्या गालात हसला. "दादा पैलवान दिसतात."

"दादाला दिसत नाही," ती म्हणाली आणि नाडी मोजताना बघावं तशी घड्याळाच्या काट्याकडे बघत राहिली. "सहा मिनिटं दहा सेकंद. बदललात ना आता?"

पुढच्या वळणावर चालकानं आपणहून बस हळू केली. "हे वळण उतरताना फसवं आहे, सिस्टर. आतल्या अंगाला खडी असते. लिहून घ्या."

तेवीस वर्षं ती धरणाजवळच्या एका गावातल्या दवाखान्यात परिचारिका होती. सगळ्या गावाची सिस्टर. चिमी म्हणणारा एकटा दादाच. बसथांब्यामागं त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वर्षातून एकदा, धरण भरलं की तो दुकानाला कुलूप घालायचा आणि जलाशयाला एक फेरा मारून यायचा. चौऱ्याण्णव किलोमीटर, चार चढ, एका दिवसात. शर्यत नाही, बक्षीस नाही. "काय मिळतं हो तुम्हाला त्यातून?" असं वहिनीनं विचारलं की म्हणायचा, "सपाटून भूक लागते."

मग एका वर्षी तो दवाखान्यात आला आणि सहज बोलून गेला, "चिमे, हल्ली दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात गं." त्या दिवशी बाहेर रांग लागली होती. "चष्म्याचा नंबर वाढला असेल," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. काचबिंदू होता. मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचेतो एक डोळा गेला होता, दुसरा दोन वर्षांत गेला. दादानं त्याबद्दल तिला एका शब्दानंही कधी बोल लावला नाही. ती स्वतःला रोज लावायची.

दुकान त्यानं विकलं नाही. हातानं चाचपून चाकं सरळ करायचा, पंक्चर काढायचा. पण दुकान आणि घर यापलीकडं पाऊल टाकायचा नाही. आणि एका दुपारी तिच्यासमोर स्पोक आवळता आवळता म्हणाला, "धरण भरलं असेल नाही आता?" एवढंच. ती घरी गेली, पण ते वाक्य काही तिच्या मनातून हलेना.

आठवड्यानं ती दुकानात आली. "दोघांची सायकल बनवता येते ना रे? पुढं एक, मागं एक?"

"येते. कशाला?"

"फेऱ्याला जायला."

"तुला दवाखान्यापर्यंत सायकल हाकता येत नाही धड."

"शिकेन."

"आणि मी मागं बसू? गोणीसारखा?"

"गोणीला पाय नसतात," ती म्हणाली. "तुझे अजून चांगले आहेत."

त्यानं हातातलं चाक बाजूला ठेवलं. मग माळ्यावरच्या दोन जुन्या सायकली खाली काढायला सांगितल्या. मापं त्यानं वितीनं घेतली, जोडकाम शेजारच्या वेल्डरनं केलं. चार महिने दर रविवारी शाळेच्या मैदानावर त्यांचा सराव चालला. दोनदा आपटले. दुसऱ्या खेपेला तिचं कोपर फुटलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "एकाचे डोळे गेले तेवढं पुरे नाही का? आता दुसऱ्याचे हातपाय घालवा." तरी पट्टी तिनंच बांधली.

रस्त्याची आखणी मात्र भांडणावर आली. दादाच्या डोक्यात सगळा फेरा पाठ होता. तो सांगायचा, ती वहीशी ताडून बघायची.

"एक्केचाळिसाव्या किलोमीटरला नळ आहे. पाणी तिथं भरायचं."

"नळ नाही आता. रस्ता रुंद केलाय. पाणी चौतिसाव्यालाच भरून घ्यायचं, शाळेजवळ."

"ओढ्यावरच्या फरशीला उतरून चालायचं, शेवाळ असतं."

"तिथं पूल झालाय, दादा."

तो हातातला पाना फिरवत राहिला. "म्हणजे माझ्याजवळ होता तो रस्तासुद्धा गेला म्हण."

तिला वाटलं, खोटं बोलायला हवं होतं. पण ती उठली नाही. वहीचं कोरं पान काढून म्हणाली, "चढ कुठं गेलेत? ते आहेत तसेच आहेत. मोठा चढ आधी घ्यायचा की शेवटी, ते सांग. ते मला बस चालवणारा सांगू शकत नाही."

पाना खाली ठेवून तो म्हणाला, "शेवटी. आधी घेतला तर पाय संपतात. शेवटी घेतला तर घर दिसतं."

पुढच्या वर्षी धरण भरत आलं, तसे एका दिवशी उजाडता उजाडता ते निघाले. वहिनीनं केळी आणि उकडलेले बटाटे बांधून दिले, आणि दोघांकडं न बघता म्हणाली, "संध्याकाळी पाणी तापवून ठेवते."

पहिले तीन चढ वहीबरहुकूम गेले. ती आधी सांगायची, "तीनशे मीटरवर वळण, डावीकडं," आणि मागून तो अंग तोलायचा. वाटेत तीच बस समोरून आली. चालकानं हॉर्न दिला, आणि दादानं आवाजाच्या दिशेनं हात वर केला.

चौथ्या चढाला तिचं गणित चुकलं. दादाचे बूट, दादाचं पाणी, दादाची बैठक, सगळं तिनं वहीत धरलं होतं. स्वतःचं वय धरायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या वळणावर तिच्या मांड्यांत गोळे आले. श्वास छातीत मावेना. समोरचा रस्ता भिंतीसारखा उभा राहिला.

"दादा, उतरू या," ती म्हणाली.

"का? खड्डा आहे?"

"खड्डा नाही. माझ्यानं होत नाहीये."

"हँडल धरवतंय ना?"

"हो."

"मग तेवढंच धर. पाय नुसते फिरू दे, जोर लावू नको. जोर माझ्याकडं आहे."

सायकल थांबता थांबता पुन्हा हलली. मागून त्याचा लोहाराच्या भात्यासारखा श्वास ऐकू येत होता. रस्ता हळूहळू चाकाखाली सरकू लागला. आणि कुठल्या गाठीतून कोण जाणे, इतकी वर्षं अडलेलं तिच्या तोंडून निघालं, "त्या दिवशी मला कळायला हवं होतं, दादा. कडी दिसतात म्हणालास तेव्हाच."

"चढावर बोलू नये," तो म्हणाला. "दम जातो."

त्या चढाला बसला सहा मिनिटं दहा सेकंद लागली होती. यांना वीस मिनिटं लागली. माथ्यावर ती रस्त्याकडेच्या दगडावर कोसळल्यासारखी बसली. दादा सायकल धरून उभा राहिला, तोंड बरोबर वाऱ्याकडं, म्हणजे पाण्याकडं. चढाचा दम ओसरू दिला आणि मग बोलला.

"तू तेव्हा मोठ्या डॉक्टरकडं जा म्हणाली असतीस ना, तरी मी गेलो नसतो. सीझन होता. दुकान टाकून मी कुठं जातोय?"

ते खरं होतं की तिच्यासाठी बनवलेलं होतं, तिला कळेना. त्याच्या चेहऱ्यावरूनही कळेना. पण ते त्यानं किती दिवस जवळ बाळगलं असेल, ते मात्र कळलं.

"धरण भरलंय का?" त्यानं विचारलं.

"काठोकाठ नाही. दोन हात कमी आहे. पलीकडचा डोंगर उलटा दिसतोय पाण्यात. मध्ये एक होडी आहे, त्यात कोणी नाही."

तो मान हलवत ऐकत राहिला. "बरं सांगतेस," म्हणाला. "चल. थंड पडले की पाय उठत नाहीत."

उतारावरचं फसवं वळण तिनं बाहेरच्या अंगानं घेतलं. मग धरणाची भिंत आली, दीड किलोमीटर सरळ, सपाट. उन्हं कलली होती. तिला मागं वळून बघता येत नव्हतं, पण डाव्या हाताला भिंतीच्या कठड्यावरून त्यांची लांब सावली सोबत पळत होती. पुढं वाकलेली, हँडलला चिकटलेली एक बाई. आणि तिच्या मागं हँडल सोडून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, मान ताठ केलेला एक माणूस. पाय मात्र चालू.

तिनं त्याला ते सांगितलं नाही. तिनं सायकल फक्त सरळ ठेवली.