कायमचं पिल्लू

दादाला कुत्रा हवा होता तो राखणीला. फोटो स्टुडिओत महागडे कॅमेरे, आणि आमच्या दादाची झोप अशी की पलंगासकट उचलून नेलं तरी कळायचं नाही. म्हणून अल्सेशियन आणला आणि नाव ठेवलं हवालदार.

हवालदार दीड वर्षाचा झाला तरी मांजराएवढाच! त्याच्या सख्ख्या भावांना बघून माणसं रस्ता बदलायची, आणि हा आमच्या बुटात तोंड खुपसून झोपायचा. केससुद्धा पिल्लाचेच, मऊ लोकरीसारखे. चोर आला असता तर त्याच्या कुशीत शिरला असता मेला.

पण धंदा काय चालला! कॅमेरा दिसताच भोकाड पसरणारी पोरं त्याला मांडीवर घेतलं की खुदकन हसायची. "अय्या, किती गोड! हा असाच राहणार?" आया विचारायच्या. "कायमचा!" दादा छाती फुगवून सांगायचा, जणू यानेच घडवलाय. पुढे हवालदाराच्या मानेवरचे केस गेले. तर या शहाण्याने काय करावं? प्रत्येक फोटोत कॉम्प्युटरवर तिथे केस भरले. इतके झकास, की भिंतीवरचा हवालदार बघून आम्ही खऱ्याला विसरलो.

मग दादाच्या डोक्यात किडा वळवळला, याची अशीच पिल्लं काढायची. ते विचारायला आम्ही हवालदाराला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी त्याचं तोंड उघडलं, तर दुधाचे दात अजून तिथेच.

"हा नुसता लहान नाही, आजारी आहे," त्या म्हणाल्या. "वाढीची ग्रंथी काम करत नाही. आईबापांकडून आलेला दोष आहे. केस जातात, थायरॉइड मंदावतं, मूत्रपिंडं थकतात. औषधाशिवाय असे कुत्रे फार जगत नाहीत. आणि अशी पिल्लं मुद्दाम काढायची? काहीतरीच! बरं, केस कधीपासून जातायत?"

दादाने फोनमधले फोटो दाखवायला घेतले. पहिला, पुढचा, त्याच्या पुढचा. सगळीकडे भरगच्च मान. मूळ फोटो? जागा अडते म्हणून पुसलेले.

"अरे गाढवा, दुखणंच झाकून ठेवलंस!" मी तिथेच ओरडले. एरवी माझ्या एका शब्दाला दहा ऐकवणारा दादा, पण तो पुन्हा पहिल्यापासून फोटो उलटायला लागला. हवालदार मात्र फोन दिसताच सवयीने मान वाकडी करून पोझ देऊन बसला. मला इतकं भरून आलं, काय सांगू.

रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत दादा ना धड जेवला, ना झोपला. हो, दादा झोपला नाही!

"मूत्रपिंडं अजून शाबूत आहेत," डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचून म्हणाल्या. "औषधं मात्र जन्मभर."

"मग आता मोठा होईल?" दादाने विचारलं.

"मोठा नाही व्हायचा. पण नीट सांभाळलंत, तर म्हातारा होऊ शकेल."

दादाने त्या उघड्या मानेवर तोंड टेकलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"हो रे बाबा," म्हणाला, "म्हातारा हो."