खड्ड्यात विझणारा दिवा

"गाडी खड्ड्यात गेली की विझतोय दिवा, आण्णा. रस्ता चांगला लागला की पेटतोय," बयाबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि श्रीशैल तिसऱ्यांदा हसला.

"मावशी, उलटं सांगायलाय तुम्ही. खड्ड्यात वायर हलती, तवा पेटतोय. चांगल्या रस्त्यावर कशाला पेटंल?"

"मला कळत न्हाय व्हय? रोज मीच चालवतो की गाडी!"

उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसून चनबसाप्पा चहा पीत होते; बयाबाईंचं 'आण्णा' त्यांनाच होतं. त्यांनी बशी खाली ठेवली. छत्तीस वर्षं मोटारींच्या वायरिंगची कामं केलेल्या या माणसाची एक खोड सगळ्या उद्यमनगराला ठाऊक होती. कारण कळल्याशिवाय त्यांच्याच्यानं पार्ट बदलवत नसे. समोरच्या लोकांनी तेवढ्या काळात दुमजली दुकानं उठवली आणि चनबसाप्पा एकेका फ्यूजच्या मागे दुपार घालवत पत्र्याखालीच राहिले. "आमच्या आप्पास्नी गिऱ्हाईक नको, कोडं पायजे," असं त्यांचा मुलगा श्रीशैल चारचौघांत म्हणे. चनबसाप्पांना त्याचा राग येत नसे. खरं सांगायचं तर बरंच वाटे.

आजचं कोडं तर नामी होतं. बयाबाईंच्या ओम्नीच्या डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा होता. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो, ही त्याची रीत. चालत्या गाडीत तो पेटला तर समजायचं की आल्टरनेटर बॅटरी भरत नाही, गाडी शिलकीवर चालली आहे. शिल्लक संपली की गाडी उभी. बयाबाईंची गाडी पंधरा दिवसांत दोनदा अशी उभी राहिली होती, तीही बारा पोरं घेऊन, पेठ वडगावच्या शाळेतून परतताना, भर उन्हात हायवेच्या कडेला. आणखी एकदा असं झालं तर पोरं दुसऱ्या गाडीत बसवू, असं शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगून टाकलं होतं. आज शनिवार होता आणि सोमवारी सकाळी सातला गाडी काढायची होती. नवरा गेल्यावर सेहेचाळिसाव्या वर्षी बयाबाई त्याची गाडी शिकल्या होत्या. त्यांच्या घराला त्या बारा पोरांशिवाय दुसरा आधार नव्हता.

श्रीशैलनंही कसूर ठेवली नव्हती. बॅटरी नवी टाकली, पट्टा नवा टाकला. गुरुवारी आल्टरनेटर उतरवून तपासायच्या बेंचवर फिरवला, तर तो ठणठणीत! नवा मागवावा तर पुण्याहून बुधवारी येणार.

"निदान इंजिन तरी धुऊन घिऊया, मावशी. काय राड झालीया बघा. प्रेशर मारतो."

"धुवायचं न्हाय," बयाबाई अशा काही कडाडल्या की श्रीशैलनं हातातला पाइप खालीच ठेवला.

चनबसाप्पांनी एकवार बाईंकडे बघितलं. ते उठले आणि ओम्नीत जाऊन बसले. "चला आक्का, दावा तुमचा दिवा."

उद्यमनगरातला रस्ता म्हणजे खड्ड्यांची पंगत. गाडी आदळत आपटत निघाली आणि दिवा पार विझलेला. शिरोली नाका मागे पडला, चारपदरी हायवे लागला. पोटातलं पाणी हलेना असा गुळगुळीत रस्ता. दोन मैल गेले असतील नसतील, तो दिवा आधी मिणमिणला आणि मग लालभडक झाला.

"आयला!" चनबसाप्पांच्या तोंडून निघून गेलं. साठीच्या माणसानं इतकं खूश व्हावं असं त्यात काही नव्हतं, पण ते झाले. "आक्का, आता तिकडं कच्च्याला घ्या. खड्ड्यात घाला गाडी."

"मुद्दाम?"

"मुद्दाम!"

गाडी धाडकन आदळली. दिवा विझला.

"तुम्ही म्हणताय ते शंभर टक्के खरं हाय," चनबसाप्पा म्हणाले. बयाबाईंनी स्टिअरिंगवरचा हात काढून पदरानं डोळे टिपले. पंधरा दिवस त्या जे सांगत होत्या ते आज कुणीतरी खरं मानलं होतं. त्यांना फार हलकं वाटलं.

शेडमध्ये परतल्यावर चनबसाप्पांनी इंजिन चालूच ठेवलं आणि सीट उचललं. ओम्नीचं इंजिन सीटखालीच असतं. थोड्या वेळानं दिवा पुन्हा लागला. त्यांनी हातोडी उलटी धरून लाकडी दांड्यानं आल्टरनेटरवर हळूच टकटक केलं. दिवा विझला. श्रीशैलचं हसूही विझलं.

"आत कार्बन अडकायलाय," चनबसाप्पा त्याला म्हणाले. "बोटाच्या पेराएवढा कार्बन. स्प्रिंग त्येला फिरत्या कड्यावर दाबून धरती. त्यो माघारी अडकला की चार्जिंग बंद. खड्ड्याचा दणका बसला की सुटतोय."

"मग बेंचवर कसा चालला?"

"तू उतरवलास, न्हेलास, धाडदिशी बेंचवर आदळलास. तेवढ्यानं आला की त्यो ताळ्यावर!" मग स्वतःशीच बोलल्यासारखे ते पुटपुटले, "पण अडकतोय कशानं?"

हा 'कशानं' त्यांना सोडवेना. दुसरा कुणी असता तर आणखी दोन टोले घालून गाडी रवाना केली असती. त्यांनी आल्टरनेटर उतरवला, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि खोलायला बसले. कार्बनच्या घरात तेलानं घट्ट झालेली चिखलासारखी पुटं बसली होती. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्यांनी चिमूटभर काढलं, अंगठ्यावर चोळलं. अंगठा गुलाबी झाला.

"गुलाल? हितं कुणी घातला?"

बयाबाईंनी वाकून तो अंगठा बघितला. मग म्हणाल्या, "ह्येनी."

दोन वर्षांपूर्वी चैत्रात बयाबाईंचा नवरा कृष्णात गाडी घेऊन जोतिबाच्या यात्रेला गेला होता. तेव्हाच त्याला चार पावलांत धाप लागत होती. सगळे टपावर, काचेवर गुलाल उधळत असताना यानं सीट उचललं आणि दोन्ही ओंजळी आत रिकाम्या केल्या. "म्हणले, इंजिनालाबी देवाचं लागू दे की. त्येच कुटुंब चालवतंय आमचं." श्रावणात तो गेला. "बाहेरचा पावसानं धुऊन न्हेला. आतला ऱ्हायलाय म्हणून मी कुणाला हात लावू दिला न्हाय, आण्णा. सर्विसिंगलाबी धुऊ दिली न्हाय."

श्रीशैल मान खाली घालून उभा राहिला. चनबसाप्पांना कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच कारण सापडल्याचं त्यांना वाईट वाटलं.

"काढाय लागंल, आक्का," ते म्हणाले. "तुम्ही सांगितल्याबिगर काढत न्हाय."

बयाबाई वर्तमानपत्राशेजारी बसल्या. त्या गुलाबी चिखलाकडे बघत राहिल्या. "बारा पोरं उनात हुभी हुती त्या दिशी," त्या म्हणाल्या. "त्येनी असते तर मलाच शिव्या घातल्या असत्या. काढा."

हवेचा पाइप मारला असता तर काम दोन मिनिटांत झालं असतं. चनबसाप्पांनी रंगाचा बारका ब्रश घेतला आणि अर्धा तास बसून सगळं कागदावर उतरवलं. कार्बन बोटानं दाबला, तो सरसर आत बाहेर झाला. कागदाची पुडी बांधून त्यांनी ती दोन्ही हातांनी बयाबाईंच्या हातात दिली.

आल्टरनेटर बसला. बयाबाई एकट्याच हायवेला जाऊन आल्या.

"न्हाय लागला दिवा," त्या म्हणाल्या. खाली उतरल्या तरी काचेतून त्या दिव्याच्या जागेकडे बघत होत्या. मग श्रीशैलकडे वळल्या. "धू, बाबा, आता इंजिन."

श्रीशैलनं आल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि पाणी सोडलं. आधी काळं पाणी आलं. मग गाडीखालून गुलाबी ओघळ निघाला आणि फरशीवरून गटारीच्या वाटेला लागला. चनबसाप्पांनी खोरं आणलं, ओघळाला बांध घातला आणि पाणी शेडच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाच्या बुंध्याकडे वळवलं. बुंध्याशी आळं करायला तिकडे जायचं तर तो गुलालाचा ओघळ ओलांडावा लागत होता. त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

बयाबाईंनीही काढल्या.