पंचाचा एक तरी फोटो

लाइल ट्वेट ऑगस्टमध्ये गेला आणि ऑक्टोबरात त्याची बायको आर्डिस डेलमर क्रूसेच्या दारात येऊन उभी राहिली. डेलमरने आयोवातल्या त्या गावाच्या वर्तमानपत्रासाठी सारा जन्म बेसबॉलचे फोटो काढले होते. आता निवृत्त होता. बायको वारलेली, मुलगी लांब ओरेगनला. दारावरची घंटा वाजली की तो आधी दचकायचाच.

"तुमच्याकडे लाइलचा एखादा फोटो असेल का हो?" कोट न काढताच तिनं विचारलं. "कामावरचा. लग्नातले आहेत, मासा धरून काढलेले तर ढीगभर. मैदानावरचा एकसुद्धा नाही."

लाइल पंच होता. छोट्या गावांच्या लीगमध्ये उन्हाळाभर एकटा गाडी हाकत फिरायचा.

"तुम्ही कधीच नाही आलात सामन्याला?"

"येऊ द्यायचा कुठे? म्हणायचा, लोक मला काय काय बोलतात ते तू ऐकायचं नाहीस."

डेलमरला हुरूप आला. बऱ्याच दिवसांनी कुणी त्याच्याकडे कामाचं काही मागत होतं. त्यानं तिला भिंतीवरच्या मोठ्या फोटोपाशी नेलं. राज्याचं बक्षीस मिळवलेला फोटो. खेळाडू छातीवर घसरत होम प्लेटकडे, म्हणजे धाव पुरी होते त्या पाटीकडे येतोय, चेंडू झेलणारा कॅचर त्याच्यावर झेपावलाय, दोघांच्या मध्ये चेंडू.

"बेसबॉलचा फोटो म्हणजे हा," तो म्हणाला. "चेंडू दिसला पाहिजे, चेहरा दिसला पाहिजे, धूळ उडाली पाहिजे. बाकी सगळं कापून टाकायचं."

आर्डिसनं चष्मा सारखा केला आणि फोटोच्या उजव्या कडेला बोट टेकवलं. "हा लाइलचा बूट."

"कशावरून?"

"पॉलिश मीच करायची. ही ठिगळाची पट्टी बघा, मीच चांभाराकडून लावून आणली होती." मग म्हणाली, "आणि उरलेला लाइल कुठंय?"

"तो... कापला असणार."

"हं. बाकी सगळं."

ती रागानं बोलली नव्हती. म्हणूनच डेलमरला ते जास्त लागलं.

दोघं तळघरात उतरले. खोक्यांतल्या निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवून बघू लागले. बक्षिसाच्या फोटोची अख्खी निगेटिव्हही सापडली. तीत लाइल होता, पण पाठमोरा. इतर फोटोंत कुठं त्याचा हात, कुठं तोंडावरचा जाळीचा मुखवटा, कुठं होम प्लेट झाडायला वाकलेली पाठ. संध्याकाळ होत आली तशी आर्डिसनं कोटाची बटणं लावली.

"राहू दे डेलमर. तुम्ही तरी काय करणार? पंचाकडे कोण बघतं?"

ती गेल्यावर घर नेहमीसारखं शांत झालं. डेलमरनं डबाबंद सूप गरम केलं, उभ्यानंच प्यायला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तळघरात गेला, तिसऱ्या दिवशीही. एवढ्या वर्षांत आपण या माणसाकडे मुद्दाम म्हणून एकदाही कॅमेरा वळवला नाही, हे त्याला खोक्यामागून खोकं कळत गेलं.

शेवटी एक निगेटिव्ह मिळाली. फिल्म संपवायची म्हणून दोन डावांच्या मध्ये सहज दाबलेलं बटण. खेळाडू आपापल्या बाकांकडे गेलेले. मोकळ्या मैदानात लाइल एकटा, मुखवटा काखेत, हातात पाण्याचा कागदी पेला. चेहरा लहान, पण स्वच्छ. चेंडू नाही, धूळ नाही. असला फोटो संपादकानं केराच्या टोपलीत टाकला असता.

डेलमरनं तो स्वतः धुऊन मोठा केला आणि तिच्याकडे घेऊन गेला.

आर्डिसनं फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

"बाजूला कोण होतं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. पंचाशी बोलत नाही कुणी. तो कुठल्याच संघाचा नसतो ना."

"मला फोनवर सांगायचा, पोरांबरोबर खूप हसलो आज म्हणून. रोज. मला वाटायचं, मी इथं एकटी आणि याची तिकडे मजा चाललीय. चिडायचे मी त्याच्यावर."

डेलमरनं फोटोकडे हात नेला. "नको असेल तर घेऊन जातो," तो म्हणाला.

"खुळे आहात का?" तिनं फोटोवर तळहात ठेवला. "किती ऊन होतं हो त्या दिवशी?"

"जुलैचं. डोकं भाजत होतं."

तिनं मान हलवली. कॉफी विचारली नाही, त्यालाही ते वावगं वाटलं नाही. टोपी घेऊन तो उठला. दारातून वळून बघितलं तर तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली होती आणि फोटोवर वाकून ती हळू आवाजात नवऱ्याला काहीतरी खडसावून विचारत होती.