तांब्याचा अंगरखा

मित्रांनो, मी रिक्षाचे जुने टू-स्ट्रोक इंजिन. धुळ्यातल्या एका गॅरेजमागे टायरांच्या ढिगाशेजारी पडून आहे. आता फार बोलवत नाही, पण एवढे ऐका.

माझा धनी झुलालभाऊ धुळे ते सोनगीर उतारू न्यायचा. माझ्या अंगावर पातळ पट्ट्या होत्या, त्यांतून वारा गेला की मी निवायचे. पण खानदेशातला मे महिना! वाराच भट्टीतून आल्यासारखा. पिस्टन जाम व्हायचा आणि उतारू शिव्या घालत पायी निघायचे. "नको रे भो त्यानी रिक्षा," असे लोक म्हणू लागले.

एक्याण्णव साली झुलालभाऊने हट्टच धरला, मला पाण्याने थंड ठेवायचे. त्याने मला सोनगीरच्या पंडित तांबटाकडे नेले.

"मी हंडा घडस भाऊ. इंजिनमा माले काय समजस?"

"हंडाच समज. फक्त मझार, पोटमा, आग शे."

पंडितने माझ्या पट्ट्या कानशीने घासून काढल्या. फार दुखले, खोटे कशाला सांगू? मग तांब्याचा पत्रा ठोकून मला अंगरखा घातला, सांधे कथिलाने भरले आणि आत पाणी सोडले. सीटमागे भंगारातल्या मोटारीचा रेडिएटर बसला. गरम पाणी तिकडे चढायचे आणि निवून परत यायचे. दोन उन्हाळे मी एकदाही अडले नाही. "आते मनी रिक्षा वाटमा थांबनार नही!" झुलालभाऊ ज्याला त्याला सांगायचा.

पाणी मात्र आटायचे, म्हणून माझ्यासाठी एक कॅन भरलेला असे. त्र्याण्णवच्या मे महिन्यात द्रौपदाबाई नातवाला घेऊन बसल्या. वाटेत पोर तहानेने रडू लागले.

"इंजिननं पानी शे ते, अक्का."

"पोर रडी ऱ्हायनं. तुनं इंजिन रडस का रे भाऊ?"

पोर प्याले, मग सगळेच प्याले. कॅन रिकामा झाला, त्याचा मला राग नाही. पुढे लिंबाची सावली होती, जवळ विहीर होती. अंगरख्यातले पाणी आटून माझा आवाज बदलला होता आणि झुलालभाऊने तो ओळखलाही होता. पण थांबला तर लोक हसतील! त्याने मला आणखी पिळले. कथिल वितळले, सांधे उकलले, पिस्टन कायमचा चिकटला.

उतारू पायी गेले. झुलालभाऊ माझ्याजवळ बसून म्हणाला, "चुकी मनीच शे."

मित्रांनो, दमलेल्याचा आवाज बदलतो. तो ऐकू आला की थांबा, लोक काही का म्हणेनात. झुलालभाऊ आता थांबतो. नवे इंजिन जरा तापले की त्या लिंबाखाली रिक्षा उभी करतो आणि उतारू ओरडले तरी ऐकत नाही. गॅरेजात येणाऱ्यांच्या तोंडून हे कळले की बरे वाटते, आणि वाईटही वाटते. माझ्या वेळीही ती सावली तेवढीच जवळ होती.